परीक्षेची धास्ती आणि अभ्यासाचे बळ

महाविद्यालयीन परीक्षांचे दिवस जवळ आले म्हणजे शहरातील घराघरांतून एक विशिष्ट वातावरण पसरते. दूरचित्रवाणीचा आवाज लहान होतो, पाहुण्यांना येणे पुढे ढकलावयास सुचविले जाते, आई रात्री उशिरा चहाचा पेला टेबलावर ठेवून पाऊल न वाजविता परत फिरते, आणि पेपराच्या सकाळी हातावर दही-साखर पडते. पुढे यथाकाल निकाल लागतो. तो मनासारखा नसला, की एकच वाक्य घरोघर ऐकू येते : "त्याला येत होते सगळे, ऐन वेळी घाबरला." हे वाक्य सांत्वनाचे आहे, आणि सांत्वन म्हणून ते योग्यही आहे. परंतु निदान म्हणून ते कितपत खरे आहे, हा प्रश्न निराळा. निदान चुकले म्हणजे औषध चुकते. आणि परीक्षेच्या बाबतीत चुकलेल्या औषधाची किंमत एखाद्या तरुणाला आयुष्याच्या एका वर्षाने, कधी त्याहूनही अधिक मोलाने मोजावी लागते. म्हणून या निदानाचा जरा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

परीक्षेतील यशापयशात बुद्धी आणि परिश्रम यांच्या जोडीला मनाच्या तीन अवस्थांचा हात असतो. पहिली आत्मविश्वास. येथे आत्मविश्वास म्हणजे छाती पुढे काढून चालणे नव्हे. 'हे विशिष्ट काम मला जमेल' असा अंतःकरणातील भरवसा, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी तन्मयता, म्हणजे वर्गात केवळ शरीराने न बसता मनानेही हजर असणे, शंका विचारणे, शिकलेल्या गोष्टीशी झटापट करणे. आणि तिसरी परीक्षेची धास्ती. सामान्य समजूत अशी, की तन्मयतेने अभ्यास होतो, आत्मविश्वासाने तो कागदावर उतरतो, आणि धास्ती मध्येच येऊन सगळे हिरावून नेते. या समजुतीत सत्याचा अंश आहे. पण चोरी नेमकी कोठे होते, याविषयी ती आपली दिशाभूल करते.

प्रथम धास्तीचे स्वरूप पाहू. परीक्षेच्या भीतीचे शास्त्रीय मापन करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरासन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९५२ साली केला. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली, आणि भीतीसारख्या अमूर्त वस्तूलाही मोजपट्टी लावता येते हे दाखवून दिले. पुढे १९६७ साली रॉबर्ट लीबर्ट आणि लॅरी मॉरिस यांनी या भीतीचे दोन घटक वेगळे केले. एक शारीरिक क्षोभ : छाती धडधडणे, तळहातास घाम सुटणे, पोटात खड्डा पडणे. दुसरा चिंता : 'मी नापास झालो तर', 'बाकीचे भराभर लिहीत आहेत', 'बाबांना काय सांगू', असे मनात सतत फिरणारे विचार. या दोहोंत दिसावयास भयंकर तो क्षोभ. परंतु गुणांशी ज्याचा वाईट संबंध अधिक दृढ आढळतो, ती चिंता. हात थरथरत असतानाही उत्तम पेपर लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ असतात; आणि वरकरणी स्वस्थ बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनात चिंतेचे जाते अखंड फिरत असते, असेही घडते.

चिंता बाधक का होते, हे समजण्यास एक साधे रूपक पुरे आहे. मनुष्य एखादे उदाहरण सोडवितो तेव्हा हातचे आकडे, मधल्या पायऱ्या, प्रश्नाचे शब्द, हे सर्व त्याला क्षणभर मनात धरून ठेवावे लागते. मानसशास्त्रज्ञ या शक्तीस कार्यस्मृती म्हणतात. ती जणू मनातील एक लहानशी पाटी होय. पाटी लहान, तिच्यावर चार ओळी मावतात. त्यांतील दोन ओळी चिंतेनेच लिहून काढल्या, तर उदाहरणास जागा कोठून उरणार? परीक्षागृहात 'डोके रिकामे झाले' असे विद्यार्थी म्हणतात. वस्तुतः ते रिकामे झालेले नसते, नको त्या मजकुराने भरलेले असते.

तथापि सर्वच भीती वाईट, असेही म्हणता येत नाही. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाचा या संदर्भात नेहमी हवाला दिला जातो. उंदरांना काळ्या व पांढऱ्या पेटीतील फरक ओळखावयास शिकवावयाचे आणि चुकल्यास विजेचा सौम्य वा तीव्र धक्का द्यावयाचा, असा तो प्रयोग होता. फरक ठळक असता धक्का जितका तीव्र तितके शिकणे जलद झाले. परंतु फरक सूक्ष्म असता मध्यम धक्काच सर्वांत उपकारक ठरला. उंदरांवरून माणसांविषयी अनुमाने काढताना सावधगिरी बाळगणे इष्ट. तरीही थोडी उत्कंठा माणसास जागे ठेवते आणि अतिरेक त्यास गोंधळवितो, हा अनुभव आपल्या सर्वांच्या परिचयाचाच आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. धास्ती अधिक तेथे गुण कमी, ही गोष्ट वारंवार सिद्ध झालेली आहे. रे हेम्ब्री यांनी १९८८ साली परीक्षाभीतीवरील ५६२ संशोधनांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही हेच चित्र दिसले. परंतु दोन गोष्टी एकत्र नांदतात एवढ्यावरून एक दुसरीचे कारण कशा रीतीने होते, हे कळत नाही. येथे विद्वानांत दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो : विद्यार्थ्याजवळ ज्ञान असते; परीक्षागृहात भीती आडवी येते आणि ते बाहेर पडू देत नाही. घरोघर ऐकू येणारे "येत होते, पण घाबरला" हे वाक्य याच पक्षाचे. दुसरा पक्ष म्हणतो : भित्र्या विद्यार्थ्याजवळ परीक्षेपूर्वीच ज्ञान कमी असते, भीतीने आपले काम आधीच उरकलेले असते.

या दोन पक्षांचा निवाडा करण्याजोगी एक उत्तम संधी जर्मनीत सापडली. तेथे वैद्यकीय शिक्षणाच्या उत्तरार्धात एक मोठी राज्य-परीक्षा द्यावी लागते. तिचा लेखी भाग लागोपाठ तीन दिवस चालतो आणि एकूण ३२० प्रश्न सोडवावे लागतात. या परीक्षेसाठी सुमारे शंभर दिवसांचे वेळापत्रक आखून तयारी करण्याची तिकडील विद्यार्थ्यांत रूढी आहे. मारिया थिओबाल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशा ३०९ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांची विशेष युक्ती ही, की केवळ भीती व गुण यांची सांगड न घालता, परीक्षेपूर्वी प्रत्येकाजवळ ज्ञान किती होते हेही त्यांनी पाहिले. तयारीच्या दिवसांत संगणकावर सोडविलेले सरावाचे प्रश्न आणि एक रंगीत तालमीची परीक्षा, यांवरून त्यांना तो अंदाज घेता आला.

निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता. ज्ञानाची पातळी एकदा हिशेबात धरली, म्हणजे भीतीचा प्रत्यक्ष परीक्षेतील गुणांशी संबंध उरला नाही. जितके ज्ञान घेऊन विद्यार्थी परीक्षागृहात शिरला, तितके तो, भ्यालेला असो वा नसो, कागदावर उतरवू शकला. उलट ज्यांच्या स्वभावातच परीक्षेची धास्ती अधिक होती, त्यांच्या ज्ञानात तयारीच्या दिवसांत भर कमी पडली. म्हणजे चोरी झाली हे खरे. परंतु ती परीक्षागृहात नव्हे, अभ्यासाच्या टेबलाशी, आणि एका दिवसात नव्हे, शंभर दिवस, थोडी थोडी झाली.

हे एका देशातील, एका विद्याशाखेचे आणि तालमीस सरावलेल्या विद्यार्थ्यांचे चित्र आहे, हे विसरता कामा नये. लहानशा पाटीवर चिंता जागा अडविते, हेही खोटे नव्हे. तथापि या संशोधनाने आपले लक्ष योग्य जागी वेधले आहे. धास्ती अभ्यासाच्या टेबलाशी काय करते, हे कोणाही घरात पाहावयास मिळते. जो विषय भीतिदायक, तो उद्यावर टाकला जातो. जो धडा येतो तोच पुन्हा वाचला जातो, कारण त्यात सुख आहे. जुन्या प्रश्नपत्रिका हातात घेण्याचे टाळले जाते. त्यांत आपले अज्ञान उघडे पडेल ही भीती. पुस्तक तासन्‌तास उघडे असते, ओळींखाली रंगीत रेघा उठतात, आणि घरातील मंडळींस वाटते, मुलगी केवढा अभ्यास करीत आहे! ती खरोखर कष्ट करीत असते. पण ते कष्ट भीतीपासून दूर राहण्याचे असतात, विषयाच्या जवळ जाण्याचे नसतात.

येथे आत्मविश्वासाचा प्रश्न येतो. 'मनात विश्वास बाळग, म्हणजे जमेल', असा उपदेश आपण सर्वत्र ऐकतो. त्यास आधार नाही असे नाही. मिशेल रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या गुणांशी निगडित अशा ५० घटकांची तुलना केली. त्यांत गुणांशी सर्वांत निकटचा संबंध आढळला, तो 'मी अमुक इतके यश मिळवू शकेन' या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भरवशाचा. परंतु येथेही कार्य कोणते आणि कारण कोणते, हे विचारलेच पाहिजे. केट टाल्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली, एकाच विद्यार्थ्यांची काही काळाने पुन्हा पाहणी केलेल्या संशोधनांचा मेळ घातला. त्यांना असे आढळले, की भरवशामुळे यश वाढते हे खरे, पण यशामुळे भरवसा वाढतो हे त्याहून अधिक खरे. आत्मविश्वास हा बियाण्यापेक्षा पीकच जास्त आहे.

आल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या भरवशाचे चार झरे सांगितले होते. स्वतः काम करून मिळविलेले यश. आपल्यासारख्या दुसऱ्या कोणास ते जमलेले पाहणे. इतरांनी दिलेला धीर. आणि स्वतःच्या शरीराची त्या क्षणीची अवस्था. या चौघांत सर्वांत जोरकस झरा पहिला, असे त्याचे प्रतिपादन आहे. आपण घरी मात्र प्रायः तिसऱ्या झऱ्यावर विसंबून राहतो. "तू हुशार आहेस, तुला सहज जमेल", असे आईवडील म्हणतात. मुलाला त्या क्षणी बरे वाटते. पण शब्दांनी दिलेला धीर पहिल्या अवघड प्रश्नाशी टक्कर होताच विरून जातो, आणि वर 'हुशार असूनही जमत नाही, म्हणजे माझ्यातच काही उणे आहे' ही नवी चिंता मागे ठेवून जातो.

शिवाय आत्मविश्वास खोटाही असू शकतो. आणि खोटा आत्मविश्वास धास्तीइतकाच घातक होय. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांस काही उतारे अभ्यासावयास दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या एका गटाने एकदाच वाचला, आणि नंतर तीन वेळा, पुस्तक बाजूस ठेवून, आठवेल तेवढा मजकूर कोऱ्या कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चार वेळा वाचणाऱ्यांना मजकुरापैकी शेकडा ८३ आठवला, लिहून पाहणाऱ्यांना ७१. पहिला गट साहजिकच पुढे. परंतु एका आठवड्यानंतर चित्र पालटले. वाचणाऱ्यांजवळ ४० उरला. लिहून पाहणाऱ्यांजवळ ६१. गंमत ही, की 'आठवड्याने आपणास किती आठवेल?' असे आरंभी विचारले असता, चार वेळा वाचणाऱ्यांचा विश्वास अधिक होता!

या एका प्रयोगात बरेच मर्म साठलेले आहे. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळख म्हणजे ज्ञान असा भ्रम उत्पन्न होतो. रस्त्यात भेटणारा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, तशातला हा प्रकार. परीक्षेत तर नावच विचारतात. असा विद्यार्थी पेपराच्या सकाळी निःशंक असतो आणि दुपारी हताश होऊन परततो. घरची मंडळी म्हणतात, घाबरला. वस्तुतः तो घाबरला हे खरे असले, तरी ते कारण नव्हते. आपणास येत नाही हे त्याला त्या क्षणी प्रथमच कळले, म्हणून तो घाबरला.

तन्मयतेविषयीही असाच एक भ्रम प्रचलित आहे. उत्तम वक्त्याचे रसाळ व्याख्यान ऐकताना आपण विषयात पूर्ण गुंतलो आहोत असे वाटते. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ संशोधनांचा आढावा घेतला. ज्या वर्गांत विद्यार्थी केवळ व्याख्यान ऐकत, तेथे नापासांचे प्रमाण सरासरी शेकडा ३३.८ होते, ज्या वर्गांत विद्यार्थ्यांना मधूनमधून प्रश्न सोडवावे लागत, आपसांत चर्चा करावी लागे, तेथे ते २१.८ होते. आणि तरीही असे शिकणे विद्यार्थ्यांस आवडतेच असे नाही. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले, की स्वतः झटापट करून शिकलेल्यांना चाचणीत गुण अधिक मिळाले, पण 'आपण कमी शिकलो' अशी त्यांची भावना होती. व्याख्यान ऐकलेल्यांना गुण कमी, पण समाधान अधिक. खऱ्या तन्मयतेत थोडे अडखळणे असते, चुकणे असते, आणि ते सुखाचे नसते. ज्या अभ्यासात कधीच अडखळावे लागत नाही, त्याविषयी विद्यार्थ्याने साशंक असावे.

आपल्याकडील जुन्या शिक्षणात या गोष्टीची जाण नव्हती असे नाही. वेदशाळेत संथा घेणारा शिष्य गुरूसमोर बसून, पोथीशिवाय, म्हणून दाखवीत असे, आणि स्वर चुकला की तेथल्या तेथे सुधारला जाई. दिवेलागणीस घराच्या ओसरीवर मुले परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी रोज चारचौघांत म्हणून दाखवावी लागत. या पद्धतीत घोकंपट्टीचा दोष होता, आणि अर्थाकडे दुर्लक्ष होई, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक मोठा गुण होता. विचारले जाणे ही तेथे वर्षातून एकदा कोसळणारी आपत्ती नव्हती. रोजचा व्यवहार होता. रोज विचारले जाणाऱ्यास विचारण्याची धास्ती किती वाटणार?

अर्वाचीन विद्यापीठांची रचना मात्र निराळी झाली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा ते मुख्यतः परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. शिकवावयाचे महाविद्यालयांनी आणि पारखावयाचे विद्यापीठाने, अशी वाटणी होती. १८६२ साली बी. ए.ची पहिली परीक्षा होऊन महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे उत्तीर्ण झाले. त्या व्यवस्थेने देशाला थोर पुरुष दिले. परंतु शिकणे आणि विचारले जाणे यांत तिने जे अंतर पाडले, ते पुढे वाढतच गेले. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ साली आपला अहवाल दिला, त्यात एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षापद्धतीची सुचवू, अशा आशयाचे मत नमूद केले. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही एका मोठ्या परीक्षेवरील भार हलका करून वर्षभर मूल्यमापन करण्याचा आग्रह धरला आहे. दिशा योग्य आहे. मात्र वर्षभरातील चाचण्या केवळ गुणांची बेरीज करण्यासाठी घेतल्या, तर एका मोठ्या धास्तीच्या जागी अनेक लहान धास्त्या येतील एवढेच. चूक कळावी आणि ती दुरुस्त करण्यास वेळ मिळावा, हा चाचणीचा हेतू असला तरच तिचा उपयोग.

चाचण्यांनी भीती वाढेल, अशी शंका कोणी घेईल. शालेय वर्गांतील अनुभव उलट आहे. पूजा अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, वर्गात नियमितपणे आठवून उत्तरे देण्याचा सराव केलेल्या १,४०८ विद्यार्थ्यांपैकी शेकडा ७२ जणांनी, या सरावामुळे परीक्षेची धास्ती कमी झाली असे सांगितले. ज्या पाण्यात रोज उतरावयाचे, त्याच्या खोलीचे भय वाटेनासे होते.

ऐन वेळच्या उपायांचे काय? परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या मनातील चिंता कागदावर लिहून काढल्यास गुण वाढतात, असा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा बराच बोलबाला झाला. 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन विख्यात नियतकालिकांतील २१ प्रयोग एका संशोधक-मंडळाने पुन्हा करून पाहिले. त्याचे फळ २०१८ साली प्रसिद्ध झाले. तेरा प्रयोग टिकले, आठ टिकले नाहीत. न टिकलेल्यांत हा चिंता लिहून काढण्याचा प्रयोग होता. टिकलेल्यांत मात्र स्वतःस विचारून, आठवून शिकण्याच्या फायद्याचे दोन प्रयोग होते. चिंता लिहून काढण्यात अपाय काहीच नाही. एखाद्यास त्याने हलके वाटत असेल तर त्याने अवश्य लिहावी. पण दहा मिनिटांच्या तोडग्यावर शंभर दिवसांचे काम सोपवू नये, हा बोध त्यातून घ्यावयाचा.

तर मग घराने काय करावे? पहिली गोष्ट, अभ्यासाचे तास मोजणे सोडून द्यावे. "आज किती वेळ बसलास?" याऐवजी "आज पुस्तक मिटून काय सांगता आले?" असे विचारावे. विषय कळला नाही तरी चालेल. ऐकणारा कान पुरेसा असतो. आजीला समजेल अशा शब्दांत अर्थशास्त्रातील एखादा सिद्धान्त सांगावयास बसले, म्हणजे आपणास काय येते आणि काय येत नाही, हे मुलीला तत्काळ कळते. दुसरी गोष्ट, जुन्या प्रश्नपत्रिका अखेरच्या आठवड्यासाठी राखून न ठेवता सत्राच्या आरंभापासून, घड्याळ लावून, एकेक प्रश्नाने सोडवाव्यात. आरंभी उत्तरे वाईट येतील. येऊ द्यावीत, घरातील टेबलावर झालेली चूक फुकट असते, परीक्षागृहातील चूक महाग पडते. तिसरी गोष्ट, अशा चुकांची घरात वाच्यता अथवा तुलना करू नये. शेजारच्या मुलाचे गुण सांगितल्याने अभ्यास वाढत नाही. मनाच्या लहान पाटीवर चिंतेची एक ओळ तेवढी वाढते. चौथी गोष्ट, झोप. रात्रभर जागून केलेले वाचन ओळख वाढविते आणि दुसऱ्या दिवशीची विचारशक्ती घटविते.

येथे एक मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. काही मुलांची धास्ती सवयीच्या पलीकडे गेलेली असते. जेवण जात नाही, झोप येत नाही, परीक्षेचे नाव निघताच श्वास कोंडतो, 'मी नसलेलो बरा' असे उद्‌गार निघतात. अशा वेळी अभ्यासाच्या रीतीचे धडे देत बसणे हे आजाऱ्यास व्यायाम सांगण्यासारखे आहे. हेम्ब्री यांच्या आढाव्यातही असेच दिसले होते, की नुसती अभ्यासाची कौशल्ये शिकवून तीव्र भीती हटत नाही. तिला मनाच्या उपचारांची जोड द्यावी लागते. तेव्हा तज्ज्ञाकडे जाण्यात संकोच बाळगू नये. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ असा आहे. तो विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींना हा क्रमांक घरून निघतानाच देऊन ठेवणे शहाणपणाचे होय. आणि परीक्षा कितीही मोठी असली तरी ती पुन्हा देता येते, हे वाक्य निकालानंतर नव्हे, निकालापूर्वी घरात मोठ्याने उच्चारलेले असावे.

सारांश असा, की आत्मविश्वास, तन्मयता आणि धास्ती या तीन स्वतंत्र देवता नव्हेत, की एकीला प्रसन्न करून घेतले आणि दुसरीची शांत केली म्हणजे काम झाले. स्वतःला वारंवार आणि प्रामाणिकपणे विचारून पाहण्याच्या एकाच सवयीशी त्या तिन्ही बांधलेल्या आहेत. विचारून पाहिले की मन विषयात गुंतते. उत्तर येऊ लागले की भरवसा बसतो, आणि तो खरा असतो. भरवसा खरा असला की धास्ती उरली तरी ती सोबत चालते, वाट अडवीत नाही. दही-साखर अवश्य द्यावी; तिच्यात घरचे प्रेम आहे. मात्र जे बळ पेपराच्या सकाळी हवे असते, ते त्या सकाळी देता येत नाही. ते सत्राच्या पहिल्या आठवड्यात, मिटलेल्या पुस्तकाशेजारी ठेवलेल्या कोऱ्या कागदावर कमवावे लागते.